हरकतीची मुदत

वर्तमानपत्राचे जे पान बहुतेक लोक न वाचताच उलटतात, ते मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव झाल्यापासून नेमाने वाचते. त्या पानावर बारीक टायपात वकिलांच्या जाहीर सूचना असतात. अमुक इमारतीतील अमुक सदनिका आमचे अशील विकत घेऊ इच्छितात. तिच्यावर कोणाचा वारसा, गहाण, दान, बक्षीस, पोटगी अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास त्यांनी १४ दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह कळवावे, अन्यथा तो हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. ही भाषा रुक्ष आहे, पण तिच्यात एक मोठेपणा आहे असे मला नेहमी वाटते. एवढीशी खोली विकायची, तरी तिच्यासाठी दुरावलेल्या भावाला, परागंदा झालेल्या पुतण्याला, कधीकाळी हातउसने पैसे देऊन बसलेल्या सावकाराला, सगळ्यांना एकदा हाक मारली जाते. २०२४ साली एका सकाळी त्याच पानाच्या पाठीमागे बातमी होती की मुंबई महापालिका वरळीच्या अस्फाल्ट प्लांटची आणि क्रॉफर्ड मार्केटलगतची जागा लिलावाने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देणार आहे. दोन-अडीच एकरांचे दोन भूखंड, तेही या शहरात. त्यांतून हजारो कोटी रुपये येतील अशी अपेक्षा होती. बोली कोणी लावायची आणि कशी, हे बातमीत सविस्तर होते. हरकत कोणी, कोठे आणि किती दिवसांत घ्यायची, याबद्दल एक ओळही नव्हती.

ते मला खटकले, आणि अजूनही खटकते.

वरळीच्या त्या प्लांटची माझी ओळख वासाची आहे. लहानपणी मावशीकडे जाताना बस त्या बाजूला वळली की उकळत्या डांबराचा वास खिडकीतून आत यायचा. काही प्रवासी रुमाल नाकाला लावत, मला मात्र तो आवडायचा. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, तेथून निघालेले ट्रक रस्त्यावर वाफ सोडत चाललेले दिसत आणि त्यांच्या मागच्या फळीतून काळी खडी ठिबकत असे. कुंपणाआड काय आहे हे कधी नीट दिसले नाही. खडीचे ढीग, पिंपे, धुराचे नळकांडे, आणि बाकी सगळ्यावर एक काळपट तुकतुकीत थर. मुंबईचे रस्ते डांबराचे होते तोवर त्या जागेला काम होते. रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायचे ठरले, तशी तिची गरज ओसरत गेली. सभोवती काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध ही काळी जागा कोणाला तरी डोळ्यांत भरणारच होती.

एखादी सरकारी जागा नको झाली हे कसे ठरते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या खात्याच्या ताब्यात जागा आहे, त्या खात्याला ती लागत नाही असा शेरा फाइलवर येतो, आणि तेवढ्यावर ती साऱ्या शहराला नकोशी झाली असे गृहीत धरले जाते. आमच्या भागातील सफाई कामगारांची हजेरी चौकी पत्र्याची आहे. तेथे स्त्री कामगारांना कपडे बदलायला धड आडोसा नाही. प्रसूतिगृहांना जागा हवी, पालिकेच्या शाळांना मैदाने हवीत, रात्री बसगाड्या उभ्या करायला जागा हवी. म्हणजे एक खाते जागा शोधत फिरत असताना दुसरे खाते जागा बाजारात मांडत असते, आणि दोघांच्या फायली एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. ही दोन खाती एकमेकांशी बोलली असती तर तो भूखंड कदाचित तरीही लिलावात गेला असता. पण निदान त्या मागण्या समोर ठेवून, जाणूनबुजून गेला असता.

आमच्याच गल्लीत महापालिकेच्या मालमत्ता खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. संध्याकाळी माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या (फाइव्ह गार्डन्सच्या) फेरीत ते भेटतात. मी हा विषय काढला तेव्हा ते हसले. “ताई, रिकामी जागा रिकामी राहते असे तुम्हाला वाटते हाच तुमचा घोळ आहे,” ते म्हणाले. “आधी एक गॅरेज येते. मग गॅरेजच्या भिंतीला देऊळ येते. मग देवळाचे मंडळ होते, मंडळाचे कार्यालय होते, आणि आम्ही नोटीस घेऊन जातो तेव्हा त्यांच्याकडे कोर्टाची स्थगिती असते. वीस वर्षांनी ती जागा तुमची कागदावर, त्यांची प्रत्यक्षात. त्यापेक्षा वेळेवर भाव मिळाला तर काय वाईट?” ज्या माणसाने कुंपणे घालण्यात आणि मोजण्या करून घेण्यात नोकरी घालवली, त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे सहज उत्तर नव्हते. मैदाने सांभाळायला म्हणून खासगी संस्थांना दत्तक दिली गेली आणि त्यांतील काहींवर क्लब उभे राहिले, तेव्हा शहराने एक पैही न घेता जागा गमावल्या. विकायचे नाही असे ठरवून पडू देणे हीसुद्धा जागा देऊन टाकण्याचीच रीत आहे, आणि तीत तर पावतीही मिळत नाही. एवढे त्यांच्याकडून मी घेतले आहे.

शिवाय जमीन विकणे हे मुळातच पाप आहे असे मानणाऱ्या घरात मी वाढलेली नाही. वाईजवळच्या आमच्या गावी माळाचा एक तुकडा होता, खडकाळ, कुसळांनी भरलेला, ज्यात हुलग्याखेरीज काही पिकत नव्हते. धाकट्या काकांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आजोबांनी तो विकला. त्या काळी तिकडे जमीन विकणे म्हणजे घराला बट्टा, तरी त्यांनी विकला, आणि काका धरणांच्या कामांवर आयुष्यभर मानाने राहिले. पुढे त्या माळाजवळून रस्ता गेला आणि तेथे धाबे झाले, तेव्हा कोणी हळहळले. आजी मात्र म्हणे की धाबे काय, पोरगा शिकला ना. मला त्या व्यवहारातील किमतीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त आठवते, कारण ती घरात पुन्हा पुन्हा सांगितली जात असे. सह्या करायला आत्या सासरहून आल्या होत्या, आणि थोरल्या आत्यांनी सही करायला साफ नकार दिला. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही. शेवटी काका नोकरीला लागल्यावर धाकट्या भाच्याच्या शिक्षणाला हातभार लावतील असे सगळ्यांसमोर कबूल करून घेऊन त्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेल्या. काकांनी तो शब्द पाळला. आत्या अडून बसल्या नसत्या तर तो शब्द कोणी दिलाच नसता.

शहराच्या जमिनीवर अशी अडून बसणारी आत्या कोण?

कायद्याने ती भूमिका नगरसेवकांच्या सभागृहाची आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याचे कलम ९२ सांगते की आयुक्ताला पालिकेची स्थावर मालमत्ता विकायची अथवा पट्ट्याने द्यायची असेल तर महापालिकेची मंजुरी हवी, आणि मिळणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा. म्हणजे कायद्याने दोन कुलपे लावली आहेत, एक भावाचे आणि एक संमतीचे. पहिले कुलूप मूल्यनिर्धारक उघडतो. दुसरे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी चर्चा करून, भांडून, प्रसंगी फाइल परत पाठवून उघडायचे. आता गंमत अशी की मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजुरी देणारेही तेच. यात बेकायदेशीर काही नव्हते, आणि अधिकाऱ्यांच्या हेतूबद्दलही मला शंका नाही. पण ज्या चार वर्षांत सभागृहाला टाळे होते, त्याच वर्षांत शहरातील सर्वांत महागड्या जागांपैकी दोन लिलावात मांडल्या जाव्यात, हे मला घरमालक परगावी असताना दिवाणजीने वाडा दाखवायला गिऱ्हाईक आणण्यासारखे वाटले.

त्यातला एक भूखंड क्रॉफर्ड मार्केटचा असावा यातही इतिहासाची थोडी थट्टा आहे. ते मार्केट ज्यांच्या नावाने ओळखले जाई ते आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त. १८६५ पासून त्यांनी शहर उपसून काढले. गटारे, रस्ते, मंडया, सगळे एकाच वेळी. १८६९ साली मंडई उभी राहिली. काम झपाट्याचे होते, पण तिजोरीकडे पाहायला वेळ कोणाला नव्हता, आणि विचारणारेही कोणी नव्हते, कारण कारभार जवळजवळ एकहाती होता. १८७१ साली करदाते खवळून उठले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि त्यांनी वेगळीच भूमिका घेतली. क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू त्यांनी घेतली. पण अशा कर्त्या आयुक्तावर लोकांनी निवडलेल्या सभेची देखरेख हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडता येऊ लागले, आणि १८८८ च्या ज्या कायद्यात हे कलम ९२ आहे, त्याच्या घडणीतही मेहतांचा हात होता. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. (या मंडईला आता महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. पुण्याच्या मंडईलाही त्यांचेच नाव आहे; आणि पुण्यात तर मंडईच्या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी स्वतः विरोध केला होता, तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून. हरकत घेणाऱ्याचेच नाव अखेर इमारतीला मिळाले.)

हे लिहिताना एक अडचण मला लपवता येत नाही. मी ज्या इमारतीत राहते, ती महापालिकेच्याच जमिनीवर आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची शेते आणि खाचरे संपादन केली, आखणी केली, रुंद रस्ते आणि बागा सोडल्या, आणि भूखंड पट्ट्याने दिले. १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाला आणि आमची मालकीण पालिका झाली. आमच्या इमारतीचा पट्टा ९९९ वर्षांचा आहे. वार्षिक भुईभाड्याचा धनादेश मीच लिहिते; त्या रकमेत आज दोघांचे एक वेळचे हॉटेलातले जेवण कसेबसे होईल. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहराने आपली जमीन देऊन टाकली नसती तर मला हे घर, ही झाडी, संध्याकाळची ही फेरी मिळालीच नसती. मी त्या व्यवहाराची लाभार्थी आहे. तरीही ९९९ वर्षांचा पट्टा म्हणजे विक्रीच, फक्त कागदाचा रंग वेगळा, हे मला दिसते. ट्रस्टने मोबदल्यात एक आखीव वसाहत मिळवली. रस्त्यांची रुंदी, इमारतींमधील अंतर, मोकळी ठेवायची जागा, हे सगळे आधी ठरले आणि मग भूखंड दिले गेले. पाच उद्याने आज आहेत ती त्या वेळी कोणीतरी सर्वांत मोक्याची जागा विकायची नाही असे ठरवले म्हणून.

याच्या उलट उदाहरण महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे. २११ एकरांचा तो पट्टा ९९ वर्षांचा होता आणि तो २०१३ साली संपला. पुढची अनेक वर्षे वाद झाले, नूतनीकरण रखडले, पण वाद घालता आला याचेच मला अप्रूप आहे. मुदत संपली म्हणून शहराला पुन्हा टेबलाशी बसता आले, आणि अखेर १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी परत घेण्याचे ठरले. त्या उद्यानाखाली वाहनतळ काढावा की आणखी काही, त्यावर आता भांडण चालू आहे; चालू द्यावे. १९१४ साली कोणा शहाण्या माणसाने ती जमीन विकून टाकली असती, आणि त्या काळच्या हिशेबाने भाव चांगलाच आला असता, तर आज भांडायलाही काही उरले नसते. म्हणून माझा कल पट्ट्याकडे आहे, आणि तोही छोट्या मुदतीच्या. ज्या मुलांचा जन्म पट्ट्याच्या वर्षी झाला, त्यांना पन्नाशीच्या आत तो पुन्हा वाचता आला पाहिजे.

वरळीबद्दल मला जास्त चुटपुट वाटते याचे कारण त्या परिसराने आधी काय गमावले ते मी पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे ठरवले होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, शेडखालची जमीन तिच्यातून सुटली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परळ-वरळीच्या गर्दीला मैदाने, दवाखाने, रुंद पदपथ मिळण्याची जी एकमेव संधी होती, तिचा मोठा भाग एका शब्दरचनेत गेला. मी शाळेत असताना गिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणारा तो भाग आज लिफ्टने वर जातो आणि खाली उतरला की त्याला चालायला जागा नसते. ज्या विभागात सार्वजनिक जागेची एवढी टंचाई आहे, तेथे पालिकेची स्वतःची अडीच एकर जागा जास्तीची ठरते, हे मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

मग पैशाचे काय, असे निवृत्त गृहस्थ विचारतात, आणि रास्त विचारतात. १ जुलै २०१७ पासून जकात गेली. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपासचे हक्काचे उत्पन्न राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिले. २०२२ च्या सुरुवातीला पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. माझ्या कामवाल्या बाईंना त्याचा आनंद झाला, मलाही त्यांच्यासाठी झाला. पण दरवर्षी येणारे उत्पन्न सोडायचे आणि एकदाच येणाऱ्या पैशासाठी जमीन काढायची, हे गणित सरळ नाही. तेही अशा पालिकेने, जिच्या मुदत ठेवी ८० हजार कोटींच्या आसपास आहेत. त्या ठेवींवर चालू प्रकल्पांचे दायित्व आहे हे मला माहीत आहे. जमिनीचा पैसा त्या दायित्वात मिसळला की तो ओळखू येत नाही. कोणा ठेकेदाराच्या बिलात, कोणत्या पुलाच्या वाढीव खर्चात गेला ते कळत नाही. बेस्टच्या काही आगारांच्या जागा या शतकाच्या सुरुवातीला विकासकांना दिल्या गेल्या तेव्हाही उपक्रम सावरेल असेच सांगितले होते. पुढे विकासकांकडील थकबाकीचा तगादा बेस्ट वर्षानुवर्षे लावत राहिली, स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. आगार एकदाच देता येते. तोटा दर महिन्याला येतो.

नवे सभागृह भरू लागल्यावर मी आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांना पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की पालिकेची कोणतीही जागा विकू नये. निवृत्त गृहस्थांना तो बाकावर बसून वाचायला दिला. त्यांनी ती ओळ खोडली. असे लिहिलेत तर कोणी पुढे वाचणार नाही, आणि ते खरेही नाही, म्हणाले. रस्त्याच्या वळणावर उरलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे, शेजारच्या सोसायटीखेरीज कोणालाच न उपयोगी पडणाऱ्या चिंचोळ्या जागांचे काय करायचे ते सांगा. ते मी मान्य केले. मग पत्र असे झाले: एका ठरावीक क्षेत्रफळावरची जागा देण्यापूर्वी सर्व खात्यांच्या प्रलंबित मागण्या प्रस्तावाला जोडाव्यात, प्रस्ताव वॉर्ड कार्यालयात मराठीत लावावा आणि नागरिकांच्या हरकतींवर सुनावणी घ्यावी, आणि मिळालेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून फक्त जमीन अथवा इमारतच घ्यावी, पगार आणि बिले भागवू नयेत. शेवटच्या मुद्द्यावर आमचे अजून जमलेले नाही. त्यांच्या मते पावसात पंप बंद पडले तर असा पैसा हातात असलेला बरा. माझ्या मते एकदा पंपासाठी तो काढला की पुढच्या वर्षी तो कारंज्यासाठी निघेल. ते वाक्य मी तसेच ठेवले. त्यांनी फक्त पत्ता सुधारला. नगरसेविकांना एक प्रत पुरे, म्हणाले, दुसरी सुधार समितीच्या अध्यक्षांना पाठवा, कारण जमिनीचा प्रत्येक प्रस्ताव आधी त्या समितीपुढे येतो. ती ट्रस्टच्याच वंशातली आहे. आणि पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट, तारखेसकट.